तळ्याकडची विंग

आमच्या रंगमंचाला डावं-उजवं नव्हतं.
एक विंग तळ्याकडची,
एक कुळागराकडची.
मागे जायचं तर "शाळेकडे सर",
पुढे यायचं तर "देवाकडे".
एवढ्यावर सत्तेचाळीस जत्रांची नाटकं उभी राहिली,
जी पडली ती वेगळ्या कारणांनी.

मग पणजीहून मेघना सतरकर आली,
दिग्दर्शन शिकलेली, पिशवीत खडूंचा डबा.
तिने फळ्यांवर नऊ चौकोन आखले,
अप, डाऊन, राइट, लेफ्ट, सेंटर.
"नटाचं उजवं तेच उजवं. समोरच्यांचं विसरा."
सगुण पाडेलीने हात वर केला:
"आणि देवाचं?"

ती हसली नाही.
तेव्हाच मला ती पटली.

कारण आमचा पहिला प्रेक्षक गाभाऱ्यात बसतो.
नाटकाच्या रात्री दार उघडं,
आणि रंगमंचाच्या कडेपासून उंबऱ्यापर्यंत
एक वाट खुर्च्यांविना.
तिथे सरपंचही खुर्ची टाकत नाही.
मधोमध उभं राहून खोटं बोलायचं आलं
की आमचा खलनायक, शांबा,
अर्धं पाऊल बाजूला सरकतो.
तालमीत नाही. प्रयोगातच.
मेघनाच्या वहीत मी वाकून वाचलं:
डाऊन सेंटर. जपून वापरणे.

मी प्रॉम्प्टर.
दिवसा सावईवेऱ्यात टपाल वाटतो,
रात्री हेच, फक्त पाकिटाशिवाय.
विसरण्याच्या आधी माणूस एक श्वास जास्त घेतो,
तो मला ओळखता येतो.
पोचलं पाहिजे, पण ऐकू जाता कामा नये.
पडदा ओढणारा उल्हास एका कानाने बहिरा,
तो माझ्या अंगठ्याकडे बघतो.
सगुण माडावर चढतो तसाच लाइटच्या बांबूवर चढतो,
पायात दोरीचा फास अडकवून,
आणि वरून विचारतो, चंद्र कुठल्या अंकात?
नेपथ्यातलं दार जुझे मेस्ताने केलेलं.
त्याला कडी नाही, मागे घर नाही,
तरी बाबलो रंगभूषा आटोपून आला
की ते हळूच लोटतो, चपला बाहेर काढतो.

त्या वर्षी स्पर्धेला फोंड्याला गेलो.
काळे पडदे. एका बाजूला चार विंगा.
थंड हवा, जमिनीवर पट्ट्या,
प्रेक्षागृहाच्या मागे काचेची खोली,
त्यात बसून कोणीतरी बटणाने सूर्य बुडवतो.
तिसरी घंटासुद्धा बटणाचीच.
सगुण वर बघत राहिला.
चढायला काही नव्हतं.

दुसऱ्या अंकात सान्वी थांबली.
शब्द होते तिच्याकडे, सगळे बोलून झाले होते.
जायचं होतं.
कुठे, ते सुचेना.
खडूचे चौकोन गावी राहिलेले,
चहूकडे काळं, सगळ्या विंगा सारख्या.
तिने तो जास्तीचा श्वास घेतला
आणि मी संहितेवर बॅटरी फिरवली.
तिथे काहीच नव्हतं. कंसात फक्त: जाते.

मी म्हटलं, "तळ्याकडे!"

मोठ्याने. जरा जास्तच मोठ्याने.
ती वळली. काठ चुकवायचा तसा पदर आवरून
पायरी पायरी उतरल्यासारखी गेली,
सपाट फळ्यांवरून.
आणि शांबा समोरून आला तो
सुपारीच्या झावळीखालून यावा तसा
मान खाली घालून.
काचेतल्या माणसाचा उजेड
क्षणभर मागे पडला, मग धावत आला.

नंबर आला नाही.
परीक्षकांच्या कागदावर एक ओळ:
प्रॉम्प्टिंग तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू आले.
दोन गुण वजा.
तो कागद मेघनाने रंगपटात लावलाय,
आरशाच्या वर, गजऱ्याच्या खिळ्याला.

यंदा तालमीला ती परत आली.
नऊ चौकोन पुन्हा आखले.
उजवीकडे लिहिलं: तळं.
डावीकडे: कुळागर.
पुढच्या मधल्या चौकोनाशी खडू थबकला,
आणि सगुणकडे बघत
तिने तो तसाच कोरा सोडला.